कॅमेरा घ्यायचाय? आधी पंधरा दिवस फोन घेऊन कोल्हापुरात फिरा

माझ्या पहिल्या कॅमेऱ्यासोबत दोन लेन्स मिळाल्या होत्या. दुकानदाराने ‘डबल किट’ म्हणून गळ्यात मारलेली ऑफर होती आणि मलाही दोन लेन्सची बॅग खांद्यावर टाकून भवानी मंडपातून हिंडायची हौस होती. लांबचा झूम मी वर्षभरात चार वेळा लावला असेन. पहिल्याच पावसाळ्यात तो कपाटातल्या बॅगेत राहिला आणि दसऱ्याला बाहेर काढला तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. पैसे गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे मला काय काढायचंय हे ठरवायच्या आधीच मी ते काढायची हत्यारं घेऊन बसलो होतो.

म्हणून कोणी “भावा, कुठला कॅमेरा घेऊ?” असं विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करतो: तुझा कुठला फोटो अडलाय?

अडलेल्या फोटोंची वही

पंधरा दिवस फक्त फोन वापरा. पहाटे पंचगंगा घाट, सकाळी कपिलतीर्थ मंडई, दुपारी चप्पल लाईन, संध्याकाळी रंकाळा, जमेल तसं फिरा. रोज दहा-पंधरा फोटो पुरेत. फोटोपेक्षा वही महत्त्वाची. जो फोटो मनात होता पण फोनवर आला नाही, तो एका ओळीत लिहून ठेवायचा. ‘तालमीत अंधार, पैलवान पुसट.’ ‘कळंबा तलावावर बगळा दिसला, फोटोत ठिपका.’ ‘भाजीवालीचा चेहरा छान, पण मागची प्लॅस्टिकची ताडपत्रीही तेवढीच ठळक.’

पंधरा दिवसांनी वही चाळली की खरेदीची यादी तिच्यातच सापडते. अंधार आणि पुसटपणाच्या नोंदी जास्त असतील तर मोठा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) आणि एफ १.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स लागणार. ताडपत्रीच्या नोंदी असतील तरी तेच, कारण मागची गर्दी विरघळवायला मोठं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं मोठं भोक लागतं. लांबच्या पक्ष्यांच्या असतील तर ३०० मिमीपर्यंतचा झूम. आणि नोंदीच फारशा नसतील तर तुमचं फोनवर भागतंय. पैसे वाचले, त्यात लाज कसली? काही जणांची वही पंधराव्या दिवशी अशीच कोरी निघते.

बॉडी: जिथे सगळे अडकतात

सेन्सरबद्दल एवढं कळलं की पुरे. त्याची दोन नेहमीची मापं. फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमी. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननचा त्याहून किंचित लहान. क्षेत्रफळात फुल फ्रेम दुपटीहून थोडा मोठा आहे, त्यामुळे अंधारात तो उजवा ठरतो. पण त्याच्या लेन्स महाग आणि जड असतात. हौशी माणसाला एपीएस-सी भरपूर झाला. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. २४ मेगापिक्सेलमध्ये दिवाणखान्यातल्या भिंतीवर लावण्याएवढी मोठी प्रिंट निघते.

आता डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस (बिनआरशाचा)? कंपन्यांचं सगळं लक्ष आता मिररलेसकडे आहे. नव्या लेन्स तिकडेच येतात आणि डोळा ओळखून फोकस धरायची सोय मिररलेसवर फार पुढे गेली आहे. नवा कॅमेरा घ्यायचा असेल तर मिररलेसच घ्या. पण बजेट तुटपुंजं असेल तर जुन्या डीएसएलआरला नाक मुरडू नका. लोक मिररलेसकडे वळले तशी कॅनन १५००डी, निकॉन डी५६०० ही मंडळी चांगल्या अवस्थेत जुन्या बाजारात आली. प्रकाश शिकायला त्या अगदी सक्षम आहेत.

मिररलेस घेताना एक गोष्ट जरूर बघा: व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, आहे का? निकॉन झेड ३० सारख्या काही बॉडींना तो नसतोच, मागच्या स्क्रीनवर बघूनच काढावं लागतं. व्हिडिओवाल्यांना चालतं. पण मे महिन्यात भर अकराला बिंदू चौकात उभं राहून स्क्रीनवर काही दिसतंय का बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. कॅनन आर ५० किंवा सोनी ए६४०० ला व्ह्यूफाइंडर आहे.

किमती दर दिवाळीला बदलतात, म्हणून आकडा न देता वाटणी सांगतो. हातात शंभर रुपये असतील तर बॉडीवर पन्नास-पंचावन्न, एका चांगल्या लेन्सवर पंचवीस-तीस आणि उरलेल्यात जादा बॅटरी, दोन कार्डं, धूळ उडवायचा ब्लोअर आणि हवाबंद डबा. बहुतेक जण बॉडीवर नव्वद घालवतात आणि मग दहा रुपयांत कार्ड घेऊ की डबा, या विवंचनेत पडतात.

जुना कॅमेरा घेताना

दिवसाउजेडी भेटा. सोबत स्वतःचं मेमरी कार्ड आणि बारीक झोताची टॉर्च न्या.

लेन्स कॅमेऱ्यावरून काढून तिचं ॲपर्चर पूर्ण उघडं असताना एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. दोन-चार धुळीचे कण दिसणारच, त्याने बिघडत नाही. कापसाचे धागे किंवा झाडाच्या मुळ्यांसारखी नक्षी दिसली तर ती बुरशी. कितीही स्वस्त मिळत असली तरी हात जोडून परत फिरा.

मग एफ १६ वर मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवरची घाण काळ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसते. ठिपके साफ होतात, पण भाव पाडायला उपयोगी पडतात. त्यानंतर लेन्सला झाकण लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर द्या. काळ्या फोटोत लाल-निळे ठिपके भरपूर चमकत असतील तर सेन्सर थकलेला समजा.

शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, विचारा. सुरुवातीच्या दर्जाच्या अनेक बॉडींचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं असतं. निकॉनच्या फोटोतच हा आकडा नोंदलेला असतो, म्हणून तुमच्या कार्डावर एक फोटो काढून घरी तपासता येतो. कॅननच्या बऱ्याच बॉडींवर तो फोटोत सापडत नाही. तिथे हाताची पकड जिथे बसते तो रबर, बटणांवरची अक्षरं आणि फ्लॅश बसवायच्या खाचेवरचा रंग बघा. लग्नाच्या सीझनमध्ये राबलेला कॅमेरा लपत नाही.

निकॉनची डी३००० आणि डी५००० मालिका घेत असाल तर आणखी एक खोच आहे. या बॉडींच्या पोटात फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतली तर ऑटोफोकस चालणार नाही, हाताने फिरवत बसावं लागेल. एएफ-एस लिहिलेली लेन्स घ्या.

पक्कं बिल मागाच. कॅमेऱ्यावरचा नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा.

लेन्स

कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स टाकून देऊ नका, दिवसाच्या उजेडात ती झकास काम करते. तिच्या जोडीला एकच प्राइम (झूम न होणारी लेन्स) घ्या. बहुतेकांना ५० मिमी एफ १.८ सुचवली जाते, कारण ती स्वस्त असते. पण एपीएस-सी बॉडीवर ती फुल फ्रेमवरच्या ७५-८० मिमीसारखी वागते. चेहरे उत्तम येतात, पण जुन्या पेठेतल्या घरात किंवा तालमीत पाठ भिंतीला टेकली तरी अख्खा माणूस फ्रेममध्ये मावत नाही. माझं मत ३५ मिमीच्या बाजूने आहे. दोन पावलं पुढे गेलं की चेहरा, दोन पावलं मागे आलं की घर.

रंकाळा: एक महिना, तीच जागा

शिकायचं कसं, यावर माझं म्हणणं एवढंच की एका जागी पुन्हा पुन्हा जायचं. रोज नवी जागा शोधणाऱ्याला फोटो चांगला आला तो जागेमुळे की प्रकाशामुळे, हे कधी कळतच नाही. अंबाबाईचा किरणोत्सव आठवा. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. या दोन तारखा डिसेंबरच्या २१-२२ तारखेपासून दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, त्यामुळे सूर्य दोन्ही वेळा क्षितिजावर साधारण त्याच ठिकाणी मावळतो. ज्यांनी देऊळ उभारलं त्यांनी ती मावळती नीट पाहिली असणार. आपण निदान महिनाभर तरी बघू. (गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही, तिथे हात जोडायचे.)

रंकाळा चौपाटीवर सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोचा. तोंड पश्चिमेला, समोर पाणी. कॅमेरा ॲपर्चरच्या मोडवर ठेवा. कॅननवर त्याला ‘एव्ही’, निकॉनवर ‘ए’ लिहिलेलं असतं. एफ ८, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती हळवा ते) १००. कठड्यावर बसलेल्या एखाद्या जोडीपासून जरा लांब राहून एकाच दृश्याचे तीन फोटो काढा: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) एकदा शून्यावर, एकदा उणे दीडवर, एकदा अधिक दोनवर. पहिल्यात काहीतरी मधलंच येईल. दुसऱ्यात आभाळ भगवं होईल आणि माणसं काळ्या छाया होतील. तिसऱ्यात माणसांचे चेहरे दिसतील, पण आभाळ पांढरंफटक. तिन्ही बरोबर आहेत. तुम्हाला आभाळ सांगायचंय की माणूस, हे कॅमेऱ्याला ठरवता येत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा एक्स्पोजर शिकून झाला.

सूर्य बुडाला की लोक भेळ खायला वळतात. तुम्ही थांबा. पुढची वीस-पंचवीस मिनिटं आभाळ गडद निळं होतं, दिवे लागतात आणि दोघांचा उजेड तोलात येतो. ट्रायपॉड नसेल तर जोंधळे भरलेली लहान कापडी पिशवी न्या, कठड्यावर ठेवा, तिच्यात कॅमेरा नीट बसवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. शटर एक ते चार सेकंदांपर्यंत जाईल, पाणी साईसारखं दिसेल. पट्टा मनगटात अडकवून ठेवा, रंकाळ्यात गेलेला कॅमेरा परत येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात हेच सकाळी करा. त्याच जागी सूर्य आता पाठीमागे असतो, पलीकडचा काठ उजळतो आणि सावल्या तुमच्यापासून लांब पडतात. तिसऱ्या आठवड्यात फक्त माणसं, चौथ्यात फक्त प्रतिबिंबं. चौथ्या आठवड्यात कंटाळा येतो. यायलाच हवा, कारण समोर जे सहज दिसतं ते सगळं काढून झाल्यावरच माणूस नीट बघायला लागतो.

काळा दगड, पांढरा टॉवेल

कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला रंग किंवा वस्तू कळत नाही. समोर काहीही असो, तो त्याला मध्यम राखाडी करायला बघतो. देवळाच्या बाहेरून काळ्या दगडाची भिंत काढली की ती उगाच उजळ, धुरकट येते. उणे एक द्या, दगड दगडासारखा दिसेल. उलट पांढरा सदरा आणि पांढरा फेटा घातलेला म्हातारा उन्हात बसलाय आणि फोटोत मळका दिसतोय, तर अधिक एक. एका दुपारी घरीच काळं घोंगडं आणि पांढरा टॉवेल टाकून हा सराव होतो. नंतर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, बघा. आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर तिथला तपशील गेला, तो मागाहून परत येत नाही. अंधारातला थोडाफार वर काढता येतो, निदान रॉ फाइलमधून (जेपीईजी बनवण्याआधीची कॅमेऱ्याची मूळ नोंद).

तालमीत

कोल्हापुरात कॅमेरा घेतला आणि तालमीत गेला नाही असा माणूस मला भेटलेला नाही. आधी वस्तादांना विचारा. चपला बाहेर काढा, हौद्यात (कुस्तीच्या मातीच्या खड्ड्यात) पाय टाकू नका, फ्लॅश बंद. पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच राहू दे, नुसतं बसून मेहनत बघा.

इथली अडचण प्रकाशाची आहे. खासबाग मैदानात उन्हं असताना कुस्ती असेल तर १/१००० सेकंदाचं शटर सहज मिळतं, हवेत उडालेली मातीसुद्धा गोठते. तालमीत ट्यूबलाइट असते. एफ २ आणि आयएसओ ३२०० ला तिथे जेमतेम १/१०० मिळतं. घाईघाईने शटर १/५०० केलं तर फोटो काळा येतो, शिवाय कधी त्याच्यावर आडवे पट्टेही उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकच्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, आपल्या डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात.

मग १/१०० वर डाव कसा टिपायचा? नाही टिपायचा. कुस्तीत थांबलेले क्षण खूप असतात. हात मिळवणी, मानेवर घट्ट बसलेली पकड, खालच्याने माती धरून काढलेला दम, वरच्याचा विचारात पडलेला चेहरा. त्या वेळी दोघं क्षणभर पुतळ्यासारखे असतात आणि १/१०० ला पुरतात. मी दोन महिने ढाक हा डाव टिपायच्या नादात कार्डं भरली आणि ठेवण्यासारखा जो फोटो निघाला तो हौद्याच्या कडेला अंगाला माती चोळत उभ्या असलेल्या पोराचा होता.

रंगाचंही बघावं लागतं. लाल मातीने फ्रेम भरली की ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा आपोआप रंग जुळवतो ती सोय) गोंधळतो आणि माती फिकट, कातडी हिरवट करून ठेवतो. ट्यूबलाइटची सेटिंग स्वतः निवडा किंवा रॉमध्ये काढून घरी दुरुस्त करा.

गुऱ्हाळ आणि गुलाल

दिवाळीनंतर करवीर, कागल, पन्हाळा भागात गुऱ्हाळं पेटतात. सकाळचं तिरपं ऊन शेडमध्ये शिरत असेल तेव्हा जा. वाफ समोरून उजेड पडला की दिसत नाही, मागून पडला की पेटल्यासारखी दिसते. म्हणजे काहील (रस उकळायची मोठी कढई) तुमच्या आणि उन्हाच्या मधे हवी आणि पलीकडची बाजू जमेल तेवढी काळोखी. थंडीतून एकदम वाफेत गेलात तर लेन्सवर दव धरतं. पुसत बसू नका, झाकण लावून पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा शेडच्या तोंडाशी ठेवा, काच आतल्या हवेच्या तापमानाला आली की दव धरायचं थांबतं. आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावून मागे सरकू नका. मी एकदा सरकलो होतो, तेव्हा गुळव्या ओरडला, “ओ पावणं, फोटो ऱ्हाऊ दे, मागं बगा! काहील उतरायची हाय, हुबं कुटं ऱ्हायलाय?” वितभर मागे उकळता पाक होता.

जोतिबाची चैत्र यात्रा मात्र पहिल्या वर्षी टाळलेली बरी. सासनकाठ्या, ‘चांगभलं’चा गजर आणि हवेत गुलालाचा ढग, फोटोला याहून चांगलं काय हवं? पण तो गुलाल इतका बारीक असतो की झूम पुढे-मागे केला की लेन्स हवेबरोबर त्यालाही आत ओढते. जायचंच तर प्राइम लावून जा, घरीच लावा आणि घरी येईपर्यंत काढू नका. पुढे साधा यूव्ही फिल्टर, कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी आणि लेन्सभोवती रबर. परत आल्यावर कापड लावायचं नाही, कोरडा गुलाल काचेवर घासला तर चरे पडतात. कॅमेरा उलटा धरून आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड अगदी शेवटी.

घरी आल्यावर

रॉ आणि जेपीईजी दोन्ही काढा. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल २५-३० एमबीच्या घरात जाते, ६४ जीबीचं कार्ड एका फेरीला पुरून उरतं. संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी वापरा, दोन्ही फुकट आहेत. सुरुवातीला तीनच गोष्टींना हात लावा: उजेड, व्हाइट बॅलन्स, कातरणी. रंग भडक करायचा मोह सगळ्यांना होतो, पहिले सहा महिने मलाही होता.

निवड त्याच रात्री करू नका. आठवड्याने बघा, तोवर ‘किती कष्टाने काढला’ हे विसरायला होतं. शंभरातले पाच ठेवा. महिन्याला त्यातले दोन लॅबमध्ये ८ × १२ इंचाचे छापून आणा आणि भिंतीवर लावा. स्क्रीनवर लपलेली वाकडी क्षितिजं तिथे रोज जेवताना डोळ्यांत खुपतात. ज्याचा फोटो काढला त्याला ४ × ६ ची एक प्रत नेऊन द्या. ‘फोटो देतो’ म्हणून न देणाऱ्याला कोल्हापुरात दुसऱ्यांदा कोणी उभं करत नाही. घाटावर आंघोळ करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या बायकांवर लांबून झूम लावू नका. जवळ जा, विचारा, नाही म्हटलं तर नाही.

कधी उमेद खचली तर खरी कॉर्नरला चक्कर मारा, तिथे कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मावसभावांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने काम तडीला नेलं आणि १९२० चा ‘सैरंध्री’ हा मूकपट इथे तयार झाला. आपण मेनूत ऑटोफोकस सापडत नाही म्हणून कुरकुरतो.

पावसाळा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा कॅमेऱ्याची वैरी असते. बुरशीला ओल आणि अंधार दोन्ही आवडतात, आणि कपाटातल्या बॅगेत दोन्ही मिळतात. चामड्याचं कव्हर तर आणखी वाईट, ते ओल धरून ठेवतं. डबा हवाबंद हवा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवा. ६० च्या वर गेला की जेलचे दाणे बदला किंवा कढईत मंद आचेवर परतून पुन्हा कोरडे करा, रंग बदलणारे दाणे घेतले तर वेळ झाली हे तेच सांगतात. डब्यात तांदूळ ठेवायचा सल्ला कोणी देईल, त्याची पूड लेन्सच्या कडांत जाऊन बसते. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा, लेन्स फिरवा, उजेड दाखवा.

माझा बुरशी लागलेला झूम अजून आहे. साफ करून आणला तरी काचेवरचा थर खाल्ला गेलाय आणि उजेड समोर असला की फोटो दुधाळ येतो. जुनी लेन्स घ्यायला निघालेलं कोणी घरी आलं की मी टॉर्चसकट तो हातात देतो, बुरशी नेमकी कशी दिसते ते बघून मग दुकानात जा म्हणतो.